पानशेतच्या पुराची नोंद वारसा-यादीत कुठे करावी?

पुराची एकच स्वतंत्र नोंद करा आणि बाधित जागांच्या नोंदी तिला जोडा. प्रत्येक वाड्याखाली तीच हकिकत पुन्हा लिहीत बसू नका. कारण साधं आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं, आणि पुण्यातल्या मुठेकाठच्या पेठा बुडाल्या. तारीख, कारण, पाण्याचा पसारा हे सगळं पुराचं. एखाद्या भिंतीवरची पूररेषा, पडलेला सोपा, नंतर बदललेलं छप्पर हे त्या जागेचं. पूरग्रस्तांसाठी वसलेलं लोकमान्यनगर, गोखलेनगर यांनाही पुराशी जोडा. याद्यांमधून नेमकं हेच सुटतं, कारण तिथे 'जुनं' काही दिसत नाही.

जागेच्या नोंदीत एवढं हवंच:
- पूररेषेची उंची, आणि ती कुठून मोजली. रस्ता दरवेळच्या डांबरीकरणात वर येतो, म्हणून जोत्यापासून मोजा.
- माहितीचा आधार: खूण, फोटो, पंचनामा की घरच्यांची आठवण.

साचा ब्रिटनमधल्या स्थानिक वारसा-नोंदींवरून उचलला असेल, तर तिथला 'इव्हेंट' हा रकाना उत्खनन किंवा पाहणीसाठी असतो. पूर त्यात टाकू नका.

मात्र मुठेला पूर एकदाच आलेला नाही. खुणेजवळ साल लिहिलेलं नसेल आणि दुसरा पुरावाही नसेल, तर '१९६१, संभाव्य' एवढंच लिहा.