घरांच्या अंतर्गत सजावटीच्या व्यवसायात उतरण्यासाठी 'चांगली आवड' पुरेशी असते का?

आपण विचारले आहे की, घर सजवण्याची हौस आणि चांगली आवड एवढ्या भांडवलावर इंटिरिअर डिझायनर होता येईल का, आणि या कामात मुरलेल्या माणसाची स्वतःची आवड कशी असते. मी गेली सतरा वर्षे केवळ राहत्या घरांचे काम करीत आले आहे. हौस हवीच, कारण तिच्याशिवाय या कामातली दगदग सोसवत नाही. आवड मात्र आपण समजता त्यापेक्षा बरीच उशिरा, जवळजवळ शेवटी कामाला येते. तोवर निभावून नेतात ते मोजपट्टी, गुण्या (काटकोन तपासण्याचे सुताराचे साधन) आणि कान.

माझ्या पहिल्या स्वतंत्र कामात एका शयनगृहाच्या कोनाड्यात भिंतीपासून भिंतीपर्यंत कपाट बसवायचे होते. मी कमरेच्या उंचीवर एकदाच माप घेतले आणि रंगसंगतीच्या विचारात रमून गेले. कपाट तयार होऊन आले ते वरच्या बाजूला १४ मिलिमीटरने अडले. सुताराने भिंतीला ओळंबा, म्हणजे उभी रेषा तपासण्याची वजन बांधलेली दोरी, लावला, दोरी स्थिर होईपर्यंत वाट पाहिली आणि एक शब्दही न बोलता माझ्याकडे पाहिले. तेव्हापासून मी प्रत्येक माप तळाशी, मध्यभागी आणि वर असे तीनदा घेते, त्यांतले सर्वांत लहान धरते, आणि उरणारी फट झाकण्यासाठी कडेला पट्टीची सोय आराखड्यातच करून ठेवते. गिलावा आणि लादी पूर्ण होण्यापूर्वी घेतलेले माप मी माप समजतच नाही.

कानाचे महत्त्व कळायला याहून अधिक काळ लागला. लोक आपल्या घराविषयी जे सांगतात ते खोटे नसते, पण ते बहुधा त्यांना हव्या असलेल्या घराविषयी असते. म्हणून मी 'कोणती शैली आवडते' असे सुरुवातीला विचारत नाही. बाहेरून आल्यावर हातातली पिशवी कुठे टेकवता, असे विचारते. एका बाईंनी 'अर्थातच जागेवर' असे ठामपणे सांगितले होते, आणि त्यांच्या दाराशेजारच्या खुर्चीवर तेव्हाही तीन पिशव्या, एक छत्री आणि न उघडलेली पत्रे होती. त्या घरात मी सर्वांत आधी त्या खुर्चीच्या जागी एक बुटके बाकडे आणि त्याखाली दोन खोल ड्रॉवर आखले.

पाहून आणि मोजून आखण्याची ही रीत माझी नाही. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन स्थापत्यकार स्त्रीने १९२६ मध्ये फ्रँकफर्ट शहरातल्या नव्या वसाहतींसाठी जे स्वयंपाकघर आखले, त्यामागे घड्याळ लावून केलेला कामांचा आणि हालचालींचा अभ्यास होता. सुमारे १.९ बाय ३.४ मीटरच्या त्या खोलीत सरकते दार होते, बसून काम करण्याची सोय होती आणि कोरडे जिन्नस ओतून घेता येतील असे ॲल्युमिनियमचे खण होते. आजच्या मॉड्युलर किचनचे मूळ तिथे सापडते. त्यावर नंतर टीकाही झाली, आणि मला ती पटते: त्या खोलीत एकच माणूस मावत असे, त्यामुळे काम करणारी स्त्री बाकी घरापासून तुटत असे. पावले वाचवताना सोबत किती हरवते, हे कोणत्याही घड्याळात दिसत नाही.

ओट्याच्या उंचीचेच पाहा. ८५ ते ९० सेंटिमीटर ही रूढ उंची सर्वांना एकसारखी लावली जाते. मी प्रत्यक्ष काम करणाऱ्या व्यक्तीला सरळ उभे करून कोपर वाकवायला सांगते आणि कोपरापासून १० ते १५ सेंटिमीटर खाली ओटा धरते. दीडशे सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीसाठी ओटा साधारण ८० ते ८५ वर येतो, तर पावणेदोनशे सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीसाठी तो ९५ च्याही वर जातो. ओट्यापाशी उभे राहिल्यावर आपल्या पाठीमागे येणाऱ्या छतावरच्या दिव्याने आपलीच सावली चिरण्याच्या फळीवर पडते, म्हणून दिवा वरच्या कपाटांच्या तळाशी, पुढच्या कडेजवळ हवा.

प्रकाशाविषयी मी थोडी हट्टी आहे. बैठकीच्या खोलीत आणि शयनगृहात २७०० ते ३००० केल्विनचा (केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप) उबदार प्रकाश, कामाच्या जागी ४००० च्या आसपास, आणि रंग खरे दिसावेत म्हणून सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा) ९० किंवा त्याहून अधिक असलेले दिवे, यांवर मी सहसा तडजोड करीत नाही. भिंतीचा रंग दुकानातल्या पांढऱ्या उजेडात ठरवणे तर टाळावेच, कारण एका प्रकाशात जुळणाऱ्या दोन छटा दुसऱ्या प्रकाशात फटकून वागतात. मोठ्या पुठ्ठ्यावर रंगाचे दोन हात देऊन तो सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावल्यावर वेगवेगळ्या भिंतींपाशी धरून पाहावा.

माझी स्वतःची आवड विचाराल तर तरुणपणी मला चकचकीत पृष्ठभागांचे वेड होते. आता त्यांवरचे बोटांचे ठसे आधी दिसतात. मला मंद पोताचे लाकूड आणि कापड आवडते, छताखालचे नक्षीदार दुसरे छत आवडत नाही, आणि उघड्या मांडण्या तर ज्यांना रोज धूळ पुसण्यात आनंद वाटतो त्यांच्यासाठीच सोडाव्यात असे वाटते. ग्राहकाची आवड याच्या अगदी उलट असली तरी काम मी त्याच निगुतीने करते, कारण त्या घरात राहायचे त्यांना आहे.

मानधनाचे लवकर ठरवा. एकूण खर्चाच्या टक्केवारीवर मानधन घेतले की महाग लादी सुचवताना आपलाच हेतू आपल्याला संशयास्पद वाटू लागतो. मी म्हणून ठरावीक रक्कम घेते, आणि विक्रेत्याने कमिशन देऊ केले तर ते ग्राहकाला सांगून बिलातून वजा करवते.

अभ्यासक्रम जरूर करा, पण निदान सहा महिने सुतारकामाच्या कारखान्यात घालवा. सुरुवात आजही करता येईल: स्वतःच्या खोलीचे दोन्ही कर्ण मोजा. समोरासमोरच्या भिंती सारख्या लांबीच्या असूनही कर्ण सारखे भरले नाहीत, तर खोली गुण्यात नाही, आणि लादीची रेषा कोणत्या भिंतीला धरून न्यायची, हा पहिला खरा निर्णय आपल्यापुढे येईल. मी दारातून पाऊल टाकताच जी भिंत नजरेस पडते ती धरते, आणि तिरपी कापलेली लादी कपाटाखाली जाईल असे पाहते.