ती फाईल आधी स्वतःच्या हातात घे

पत्र थोडक्यात असं: "ताई, मी २९ वर्षांची, पहिलटकरीण, ३३वा आठवडा चालू आहे. गर्भसंस्काराचा क्लास केला, रोज श्वासाचे व्यायाम करते, फ्रीजवर चांगल्या वाक्यांच्या चिठ्ठ्या लावल्यात, डिलिव्हरीचे अनुभव सांगणारे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडून दिले. घरचे खूप जपतात, नवरा म्हणतो तू फक्त खुश राहा. २० आठवड्यांच्या सोनोग्राफीनंतर डॉक्टर सासूबाईंशी काहीतरी बोलल्या, तेव्हापासून फाईल त्यांच्या कपाटात असते, मला टेन्शन नको म्हणून. ३५व्या आठवड्यात सोलापूरला माहेरी जाणार. पण रोज रात्री तीनला जाग येते, छाती धडधडते, आणि मग वाटतं माझ्या भीतीचा बाळावर परिणाम होईल. पॉझिटिव्ह कशी राहू? – एक वाचक, पिंपरी"

अगं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच ओळीवर अडकले. फाईल सासूबाईंच्या कपाटात. स्वेटर कपाटात ठेवलाय म्हणावं इतक्या सहज लिहून तू पुढे गेलीस.

तेरा आठवडे झाले गं! तपासायला तू जातेस, सुई तुला टोचतात आणि बोलणं होतं सासूबाईंशी. काहीतरी आहे एवढं तुला कळलंय, काय आहे ते माहीत नाही, मग रात्री तीनला जाग येणार नाही तर काय होणार? त्याला चिठ्ठ्या काय करतील. सासूबाई मायेने करतायत हे दिसतंय मला, पण त्यांचं कौतुक मी करणार नाही, आणि "खुश राहा" म्हणून मोकळा झालेल्या तुझ्या नवऱ्याचं तर नाहीच. आणि तू, तूही विचारलं नाहीस.

मी चिडलेय कारण हे मी भोगलंय. १९९६ साली मीही अशीच माहेरी गेले, कराडला, आणि कागद सगळे राहिले मुंबईला सासरी. ३६व्या आठवड्यात रात्री अचानक पाणी गेलं. नर्सने ब्लड ग्रुप विचारला, मी आईकडे बघतेय, आई माझ्याकडे, दोघींनाही माहीत नाही. मुंबईला फोन लावला तो कोणी उचलेना. शेवटी रक्त तपासलं तर ग्रुप निगेटिव्ह, आणि तोपर्यंत मला त्याचं कोणी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. सगळं नीट पार पडलं, पण कळा विसरले आणि ते गप्प बसणं अजून आठवतं, माझ्याच शरीराबद्दल विचारतायत आणि मला उत्तर येत नाही.

तुझ्या फाईलमध्ये काय आहे ते मी इथे बसून सांगू शकत नाही. पण समजा वार, म्हणजे बाळाला पोसणारी प्लासेंटा, खाली आहे असं लिहिलेलं असेल, तर २० आठवड्यांना ते बऱ्याच जणींना सांगतात आणि पोट वाढतं तशी बहुतेकींची वार वर सरकते. फक्त ३२ आठवड्यांच्या आसपास परत बघावं लागतं, आणि गर्भपिशवीच्या तोंडावरच राहिली असेल तर सिझर ठरवून करतात. अशा बाईला रक्त गेलं तर कळांची वाट न बघता तडक हॉस्पिटल गाठायचं असतं. आता सांग, हे तुला माहीत नसेल आणि तू सोलापूरला असशील तर?

ब्लड ग्रुप निगेटिव्ह असेल तर २८ आठवड्यांच्या आसपास देतात ते अँटी-डीचं इंजेक्शन झालंय का ते बघ. आणि ही धडधड नुसती भीतीचीच कशावरून? गरोदरपणात हिमोग्लोबिन ११च्या खाली गेलं की ते कमी धरतात, फार कमी झालं की धाप लागते, छाती धडधडते. तो आकडाही त्या कपाटातच आहे.

बाळाचं म्हणशील तर रात्री घाबरून उठलीस म्हणून त्याचं काही बिघडत नाही, ते ओझं आज टाकून दे राणी. श्वासाचे व्यायाम मात्र सोडू नकोस, ते खरंच कामाला येतात. कळ येते, चढते, साधारण मिनिटभरात ओसरते, मधे श्वास घ्यायला जागा मिळते, तिथे तुला ते आठवतील. आणि वेळ लागला म्हणून घाबरायचं नाही, पहिलटकरणीला पिशवीचं तोंड ५ सेंटीमीटर उघडल्यापासून पुढे १२ तासांपर्यंत लागू शकतात, जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्येच सांगितलंय की तासाला एक सेंटीमीटर उघडलंच पाहिजे असं काही नाही. कळांच्या वेळी आपल्या पसंतीचं माणूस जवळ असावं हेही त्यांनीच सांगितलंय, तेव्हा आईला आत येऊ देतील का ते सोलापूरच्या हॉस्पिटलात आत्ताच फोन करून विचार.

पण आधी फाईल. आज रात्री जेवणं झाली की सासूबाईंना सांग, आई, माझी फाईल द्या. भांडायचं नाही, कारणं द्यायची नाहीत, हात पुढे करायचा. नवऱ्याला शेजारी बसवून पहिल्या पानापासून वाच, प्रत्येक कागदाचा मोबाईलवर फोटो काढ, आणि मूळ फाईल सोलापूरला जाताना बॅगेत नको, हातातल्या पर्समध्ये ठेव. उद्याच डॉक्टरांची वेळ घे, त्यांच्या समोरच्या खुर्चीत तू बस, आणि विचार, २० आठवड्यांना आईंना काय सांगितलं होतंत, ते आता मला सांगा.