या पॉइंटरचा मालक कोण?

प्रश्न : आमच्या सी भाषेतील प्रकल्पात एका स्ट्रक्चरमधून दुसऱ्याकडे जाणारे पॉइंटर (मेमरीतील जागेचा पत्ता ठेवणारी व्हेरिएबल्स) फार आहेत. कोणती मेमरी कोणी फ्री करायची, यावरून सहकाऱ्यांचा सतत गोंधळ उडतो. हे नियम कोठे आणि कसे लिहून ठेवावेत?

उत्तर : हे नियम हेडर फाइलमध्येच, संबंधित फील्डच्या किंवा फंक्शनच्या डोक्यावर लिहावेत, वेगळ्या दस्तऐवजातला नियम कोड बदलला तरी जुनाच राहतो. सी भाषेत पॉइंटरच्या टाइपवरून मालकी, म्हणजे मेमरी फ्री करण्याची जबाबदारी कोणाची, हे कळत नाही. ‘कॉन्स्ट’ लिहिल्याने त्या पॉइंटरमधून मजकूर बदलायचा नाही एवढेच समजते, मेमरी कोणाची हे नाही. म्हणून ‘नोंद’ या स्ट्रक्चरमधील ‘नाव’ या फील्डवर “ही प्रत नोंदीच्या मालकीची, नोंद नष्ट करणारे फंक्शन ती फ्री करते” असे स्पष्ट लिहावे, आणि ‘गट’ या फील्डवर “हा पॉइंटर उसना आहे, नोंद असेपर्यंत गट फ्री करू नये” असे. यातला मुदतीचा भाग, म्हणजे ‘नोंद असेपर्यंत’ हे शब्द, हमखास राहून जातो, आणि फ्री झालेली मेमरी वापरली जाण्याचे प्रकार बहुधा तेथूनच उद्भवतात.

फंक्शनला पॉइंटर दिला की ते त्याची प्रत करते की तोच ठेवून घेते, हेही लिहायला हवे. एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे प्रोग्रामला मिळणाऱ्या नाव-मूल्यांच्या यादीत, मूल्य ठेवणारे ‘सेटएन्व्ह’ हे फंक्शन दिलेल्या मजकुराची प्रत करते. त्याच कामाचे ‘पुटएन्व्ह’ मात्र दिलेली स्ट्रिंगच एन्व्हायर्नमेंटचा भाग करते, त्यामुळे त्याला फंक्शन संपताच नाहीसा होणारा स्थानिक अ‍ॅरे देणे ही चूक ठरते. नावे इतकी सारखी असताना हा फरक कोणी अंदाजाने कसा ओळखणार?

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे वाक्य अपयशाबद्दलचे असते. पायथॉनच्या सी एपीआयमध्ये (सी कोडमधून पायथॉन वापरण्यासाठीच्या फंक्शन्समध्ये) यादीत घटक ठेवणारे ‘पायलिस्ट_सेटआयटेम’ दिलेला रेफरन्स (वस्तूवरील मालकीचा वाटा) अपयश आले तरी स्वतःकडे घेते, तर मॉड्यूलमध्ये वस्तू जोडणारे ‘पायमॉड्यूल_अ‍ॅडऑब्जेक्ट’ तो केवळ यश आल्यावरच घेते. दुसऱ्या फंक्शनच्या वापरात यामुळे इतक्या चुका होत राहिल्या की पायथॉनच्या 3.10 या आवृत्तीत रेफरन्स मुळीच न घेणारे पर्यायी फंक्शन आणावे लागले. आपल्या ‘यादीत जोडा’ फंक्शनवरही “अपयश आल्यास वस्तू हे फंक्शन बोलावणाऱ्या कोडकडेच राहते” हे वाक्य असू द्यावे, आणि शक्यतो साऱ्या प्रकल्पात हाच एक नियम पाळावा.

जीसीसी या सी कंपायलरच्या 11 व्या आवृत्तीपासून ‘मॅलॉक’ अ‍ॅट्रिब्यूटमध्ये (मेमरी देणाऱ्या फंक्शनवर लावायच्या खुणेत) ती मेमरी फ्री करणाऱ्या फंक्शनचे नाव देता येते. मेमरी देणारे व फ्री करणारे फंक्शन यांची चुकीची जोडी लक्षात आल्यास कंपायलर इशारा देतो. उसन्या पॉइंटरची मुदत मात्र त्यात नोंदवता येत नाही, ती कॉमेंटमध्येच लिहावी लागते.