जुना कॉम्प्युटर दुरुस्त करू की नवीनच घेऊ?

प्रश्न : आमच्याकडे २०१४ साली असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप आहे, आय-थ्री चौथी जनरेशन प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. मी घरूनच मराठी टायपिंगची कामं घेते, लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल वगैरे, सगळं श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. हल्ली तो चालू व्हायलाच सात-आठ मिनिटं घेतो, रोज सकाळी तारीख भलतीच दाखवतो आणि मधेच आपोआप बंद पडतो. दुकानदार म्हणाला मदरबोर्ड गेलाय, दुरुस्तीत पैसे घालू नका, मशीन इथेच सोडून जा, नवीन देतो. मुलांचे लहानपणापासूनचे फोटो त्यातच आहेत. काय करू?
– एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, मशीन दुकानात सोडू नका. फोटो आणि कामाच्या फाइली बाहेर काढल्याशिवाय तर मुळीच नाही. मी हे इतकं ठासून सांगतोय कारण आमच्याच घरी हे झालंय, स्लो चालतोय म्हणून एका दुकानात दिलेला, त्यांनी न विचारता फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून दिलं, डी ड्राइव्हसकट सगळं साफ, आणि त्यात आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. आई तेव्हा जाऊन वर्ष झालेलं. त्या ओव्या आजतागायत मिळाल्या नाहीत. म्हणून आजच एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणा, फोटो कॉपी करा, आणि जमलं तर दुसरी कॉपी आणखी कुठेतरी ठेवा. कॉपी करताना आतून टक्-टक् असा आवाज यायला लागला तर तिथेच बंद करा आणि परत परत चालू करून बघू नका, ती डिस्क मग डेटा रिकव्हरीवाल्याकडेच जायला हवी.

आता मदरबोर्डचं. मदरबोर्ड पूर्ण गेला असता तर तुमचं मशीन सात मिनिटांनी का होईना, चालू झालंच नसतं ना! तुमच्या तीन तक्रारी म्हणजे मला तरी तीन वेगळी दुखणी वाटतात.

तारीख बदलते ते बोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलमुळे. सीआर २०३२ म्हणून मागा, घड्याळवाल्याकडेही मिळतो. दहा-अकरा वर्षांत तो उतरणारच. आणि तारीख चुकली की बऱ्याच वेबसाइट उघडत नाहीत, कारण साइटचं सर्टिफिकेट आणि तुमच्या मशीनची तारीख जुळत नाही, आणि आपण उगाच नेटवाल्याला फोन लावत बसतो.

चालू व्हायला वेळ लागतो त्यात माझा पहिला संशय हार्ड डिस्कवर. टास्क मॅनेजर उघडून बघा, काही काम चालू नसतानाही डिस्क १०० टक्के दाखवत असेल तर तीच. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात पिवळं 'कॉशन' दिसलं तर डिस्कचे दिवस भरलेत असं समजा. तिच्या जागी २५० जीबीच्या आसपासची साटा एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) बसवा, तुमच्या बोर्डला ती चालते, आणि सोबत ४ जीबी रॅम वाढवा. रॅम डीडीआर-थ्रीच लागेल, डीडीआर-फोरची खाच वेगळ्या जागी असते, ती बसतच नाही. एवढ्यावर सात मिनिटांचं मिनिटाभरावर यायला हरकत नाही.

आपोआप बंद पडणं मात्र नीट बघावं लागेल. अर्धा तास काम केल्यावर पडत असेल तर बहुतेक गरम होतंय. वायर काढून कॅबिनेटचं झाकण उघडा, प्रोसेसरवरच्या पंख्यात धुळीची गोधडी साचलेली असेल, ती ब्रशने हलक्या हाताने काढा, पंख्याखालची पेस्ट वाळलेली असते ती मेकॅनिककडून बदलून घ्या. पण लाइट जरा कमीजास्त झाली की लगेच पडत असेल तर एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) किंवा यूपीएसची बॅटरी. आणि बोर्डवरचे छोटे नळकांड्यासारखे कपॅसिटर बघा, डोकं सपाट हवं. फुगलेलं असेल किंवा तपकिरी काही गळलं असेल तर दुकानदार खरं बोलतोय. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी घरातली अर्थिंग तपासा, नाहीतर नवीन मशीनचीही तीच गत होईल.

माझं मत सांगतो. सेल, साफसफाई, एसएसडी, रॅम, गरज पडली तर एसएमपीएस, इथपर्यंत खर्च करा, एसएसडी तर उद्या नवीन मशीनलाही लावता येईल. पण खरंच बोर्ड गेला असेल तर थांबा. त्या काळचा बोर्ड आता जुन्या बाजारातलाच मिळणार, आणि तो किती टिकेल हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आणखी एक अडचण आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, नाव नोंदवलं तर सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढेच अधिकृतपणे चालतं. तेव्हा दुरुस्त केलेलं मशीन फक्त टायपिंगला ठेवा, बँकेचे व्यवहार त्यावर नको.

नवीन घ्यायची वेळ येईल तेव्हा श्रीलिपीचं आधी बघा. तुमच्या जुन्या फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी नीट दिसेल अशा पद्धतीत, नसणार, नवीन मशीनवर ते फॉन्ट नसले तर 'शुभविवाह'च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतील. म्हणून सॉफ्टवेअर, फॉन्ट, सॉफ्टवेअरसोबत मिळालेलं, मशीनला लावायचं लॉक असेल तर तेही जपून ठेवा, आणि जुना मजकूर आत्ताच, मशीन चालतंय तोवर, युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करायला घ्या. जोडाक्षरं मधेच बिघडतात, त्यामुळे प्रत्येक फाइल एकदा वाचून काढावी लागेल, पण ती तुमची इतक्या वर्षांची मेहनत आहे.

प्रश्न : ऑफिसमधून निघालेले रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेले पण दुरुस्त करून विकलेले, डेस्कटॉप घ्यावेत का?
– एक वाचक, कल्याण

उत्तर : घ्या, पण आठवी जनरेशन किंवा पुढचीच, आणि समोर चालू करून, बिलावर वॉरंटी लिहून घेऊन. आय-फाइव्ह एवढंच ऐकून घेऊ नका, आय-फाइव्ह २००९ पासून येतोय, नावापुढच्या आकड्यातून जनरेशन कळते, ८४०० म्हणजे आठवी, ३४७० म्हणजे तिसरी. आणि घरातला जुना भंगारात देणार असाल तर हार्ड डिस्क काढून ठेवा. फक्त फॉरमॅट मारून दिलेल्या डिस्कमधून बऱ्याचदा फोटो परत काढता येतात.