विंगलेटला ‘पंखुडी’ म्हणावं का?

इंदुरातल्या आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात यंदा विमानांवर लेख आहे. तो लिहिणाऱ्या काकांनी विचारलं, “पंखाच्या टोकाला वर वळलेलं ते विंगलेट असतं ना, त्याला मराठीत ‘पंखुडी’ चालेल का?”

काका, माझ्या मते चालू नये. इंदुरात हा शब्द ऐकला की आधी गुलाबाची पाकळी डोळ्यांपुढे येते, हिंदी इतकी मुरलीय आपल्यात. पण खरी अडचण त्यातल्या ‘छोटा पंख’ या अर्थाची आहे. ताट-ताटली, डबा-डबी, नाटक-नाटिका या जोड्यांत धाकटी वस्तू थोरलीचंच काम बेतानं करते. विंगलेट मात्र छोटा पंख नव्हे.

उडताना पंखाखाली हवेचा दाब जास्त असतो, वर कमी. टोकाशी खालची हवा वळसा घालून वर जाते, तिचा भोवरा होतो आणि विमानाला मागे ओढ बसते. सपाट ताटलीत कढी वाढून बघा, कडेनं ओघळते. काठ असला की थोपते. विंगलेट हा तसा काठ. नासाचे रिचर्ड व्हिटकम यांनी १९७०च्या दशकात त्याचा पद्धतशीर अभ्यास केला, आणि १९७९-८०मध्ये केसी-१३५ या अमेरिकी लष्करी विमानावर उडवून त्याची चाचणी झाली.

पंखच लांबवला तरी ओढ कमी होते, पण एअरबस ए३२०च्या वर्गातल्या विमानांना विमानतळावर पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३६ मीटरच्या आत मावावं लागतं. शिवाय टोकावरचा जोर पंखाला बुंध्याशी, म्हणजे तो धडाला जोडलेला असतो तिथे, वाकवतो. विंगलेटनंही तो वाढतो, मग बुंधा भक्कम करा, म्हणजे वजन आलंच.

स्थैर्याचंही तसंच. पंख मागे झुकलेले असले की विंगलेटं विमानाच्या गुरुत्वमध्यामागे येतात आणि शेपटीसारखी नाकाची दिशा धरायला मदत करतात. मात्र हवा बाजूनं आली की तीच विमानाला कुशीवर कलवू लागतात, त्यामुळे त्यांची उंची नि कोन शेपटीसकट हिशेब करून ठरतो. विमानरचनाकार बर्ट रुटान यांच्या व्हेरीइझी या चिमुकल्या विमानात तर सुकाणूच विंगलेटांत आहे.

तेव्हा शब्द हवा पात्यावरून. पंख्याचं पातं, सुरीचं पातं, तसं ‘टोकपातं’. बोइंग ७८७ला तो लावू नका. तिथे पंखाचं टोक नुसतं मागे तिरकं निमुळतं होतं, ‘तिरकं टोक’ पुरे. पहिल्यांदा ‘टोकपातं म्हणजे विंगलेट’ असं लिहा. दोन्ही नपुंसकलिंगी, त्यामुळे पुढची क्रियापदं तशीच राहतील.