कादंबरीचा भयानक शेवट वाचून दिवसेंदिवस उदास वाटणं नॉर्मल आहे का? घरचे म्हणतात, 'गोष्टच तर आहे, सोड की.' यातून बाहेर कसं यायचं?

नॉर्मल आहे. पण उत्तर लिहायला बसले ते तुमच्या घरच्यांच्या 'गोष्टच तर आहे, सोड की' या वाक्यामुळे. माझा दादा मला हेच ऐकवत आलाय.

निमित्त होतं थॉमस हार्डी या इंग्रज लेखकाची 'ज्यूड द ऑब्स्क्युअर' ही कादंबरी. (शेवटाकडचा भाग फुटणार आहे, वाचायची असेल तर पुढचा परिच्छेद सोडा.)

ज्यूड आणि स्यू लग्नाशिवाय एकत्र राहतात, पदरात मुलं, त्यामुळे राहायला जागा मिळत नाही. रात्री थोरला मुलगा विचारतो, हे सगळं आमच्यामुळेच ना? स्यू त्याला खोटा दिलासा देत नाही. सकाळी स्यू अंडी उकडायला ठेवते आणि ज्यूड हातात घड्याळ धरून, आतल्या खोलीकडे पाठ करून उभा राहतो. तेवढ्यात स्यूची किंकाळी. थोरल्याच्याच हातून तिन्ही मुलं गेलेली. मला ते घड्याळ सहनच होईना. हा माणूस अंड्यांसाठी मिनिटं मोजतोय आणि आत सगळं कधीच संपलंय! त्या रात्री जेवण गेलं नाही. आधी हार्डीचा राग आला, मग स्यूचा. दादा म्हणाला, "जे जन्मालाच आले नाहीत त्यांचं कसलं सुतक पाळतेस?"

तेव्हा मी गप्प बसले. आज सांगते. सॅम्युएल जॉन्सन म्हणजे इंग्रजीचा शब्दकोश रचणारा, भल्याभल्यांना फटकारणारा समीक्षक. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर' नाटकातल्या राजकन्या कॉर्डिलियाच्या मृत्यूने तो इतका हादरला होता की संपादनासाठी वाचावेच लागेपर्यंत त्याने शेवटचे प्रवेश पुन्हा उघडले नाहीत. 1765 च्या आपल्या शेक्सपिअरच्या आवृत्तीत त्याने हे स्वतः लिहिलंय. त्याआधी 1681 मध्ये नाटककार नहूम टेटने कॉर्डिलियाला जिवंत ठेवून ते नाटक नव्याने लिहिलं, आणि रंगभूमीवर दीडेकशे वर्षं तेच रूप चाललं. कॉर्डिलिया तरी कुठे जन्माला आली होती? आणि दादाने 'ज्यूड' उघडलेलीसुद्धा नाही. न वाचणाऱ्याने वाचणाऱ्याला शहाणपण शिकवू नये, हे घरी स्पष्ट सांगा.

बाहेर कसं यायचं? घाई करू नका. लगेच हलकंफुलकं काहीतरी वाचून त्यावर पांघरूण घालणं मला पटत नाही. त्या प्रसंगाच्या आधीची प्रकरणं सावकाश पुन्हा वाचा. शेवट ओढूनताणून आणला असेल तर चीड येईल आणि विषय संपेल. नसेल, तर आपल्याला नेमकं काय लागलं ते कळेल. 'ज्यूड'मधला तो पोरगा जरा जास्तच म्हाताऱ्यासारखा बोलतो, हे मला मान्य आहे. पण दमलेल्या स्यूचं रात्रीचं उत्तर अगदी खरं आहे, आणि मला तेच लागलं होतं.

अर्थात झोपच उडाली असेल, किंवा अलीकडे तुमचं जवळचं कुणी गेलं असेल, तर यातलं काही करू नका. पुस्तक तूर्त बाजूला ठेवा आणि विश्वासातल्या माणसाशी बोला, गरज वाटली तर डॉक्टरांशीही.