काजवे बघायला तंबू घेऊन जाताय? आधी अंधाराची तयारी करा

तुम्ही विचारलंय की मेअखेरीस सात वर्षांच्या मुलाला घेऊन भंडारदऱ्याला तंबूत राहावं का, आणि काजवे दिसतील का. जरूर जा. मी भाचरांना घेऊन तीनदा गेले आहे.

वळवाच्या एक-दोन सरी पडल्या की काजवे वाढतात आणि मृगाच्या पावसाने जोर धरला की संपतात. म्हणून तारीख पक्की करण्याआधी गावात फोन करून पाऊस झाला का ते विचारा.

हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, जंगलात तंबू ठोकू नका. नाक्यावर पावती फाडा आणि घाटघर, साम्रद किंवा रतनवाडीत कुणाच्या तरी खाचरात, विचारून आणि पैसे देऊन राहा. खाली जाड ताडपत्री हवीच, कारण भाताची धसकटं तंबूच्या तळातून टोचतात. जागा खाचराच्या उंच कडेला घ्या. पहिल्या वर्षी आम्ही बांधाला लागून, सखल बाजूला तंबू लावला. रात्री दोनला वळीव कोसळला. बांध पाणी अडवायलाच असतो, ते अडलं आणि आमची अंथरुणं भिजली. उरलेली रात्र त्या घरच्या आजींनी आम्हाला पडवीत झोपवलं.

पिण्याचं पाणी घरून न्या. घाटघरला नगरची चेरापुंजी म्हणतात, तरी मे महिन्यात तिथल्या बायकांना हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. त्यांच्या पाण्यात आपण हात-पाय धुवायचे, हे मला पटत नाही.

आता काजव्यांबद्दल, माझं खरं सांगणं हेच आहे. ते लुकलुकणं म्हणजे नराने मादीला घातलेली साद असते. पंख फुटल्यावर जेमतेम काही आठवडे जगणारा जीव तो, त्यातच जोडी जमायची, अंडी घालायची. गाडीचे दिवे त्याच्यावर पडले की ती साद बुडते. एका सादड्यावर अख्खं झाड उजळत-मावळत होतं, खालून वर लाट जावी तसं. तेवढ्यात वळणावरून गाडी आली आणि झाड विझलं. परत पेटायला किती वेळ गेला! मुलं रडवेली झाली होती.

म्हणून गाडी गावातच ठेवा, चालत जा. टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावा आणि उजेड पायाशीच धरा. पायवाट सोडून गवतात शिरू नका, माद्या बऱ्याचदा खालीच बसलेल्या असतात. मोबाईल खिशात. फोटो तसेही येत नाहीत.

मुलगा अंधाराला घाबरेल, ही काळजी करू नका. पाच मिनिटं हात धरून नुसतं उभं राहा, डोळे सरावतात. माझ्या भाचीच्या बाहीवर एक काजवा येऊन बसला होता. ती श्वास रोखून बघत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "मावशी, हा गरम लागतच नाही." खरंच लागत नाही, तो उजेड थंडच असतो.

सकाळी रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ दाखवा. सांदण दरीत मात्र आभाळ भरून आलं असेल तर उतरू नका, अरुंद आहे, पाणी आलं तर बाजूला व्हायला जागा नाही.